गोधडीची विक्री आणि हातातील मोबाईल

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मराठवाड्यात वाकळ नाही असे घर सापडणार नाही. कापसाची वेचणी आटोपली, दुपारचा थोडा वेळ मिळाला की जुन्या सुती साड्या आणि धोतरे काढायची, पदर एकावर एक अंथरायचे आणि धावदोरा घालीत बसायचे, हे काम आपल्या आई-आजीने केले आणि आपणही करतो. मात्र ही वाकळ विकायची वेळ आली की गावात तिला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण ती सर्वांच्याच घरी असते. तिला खरी मागणी पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत आहे. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी आज आपल्या हातातील मोबाईलचा उपयोग कसा करता येईल, हे आपण पाहणार आहोत.

नाव आणि गाव सांगण्याचे महत्त्व

प्रथम एक उदाहरण देते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने अगदी तशाच चपला दाखविल्या, परंतु कोल्हापूरचे नाव घेतले नाही. त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली, लोकांनी जाब विचारला आणि कंपनीला या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे मान्य करावे लागले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने करार केला.

यातून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. वस्तूला नाव व गाव असेल तर तिची बाजू घेणारे लोक उभे राहतात. आणि मोबाईलवर फिरणारे एक छायाचित्र सातासमुद्रापार पोहोचू शकते. म्हणून आपल्या प्रत्येक छायाचित्राखाली ‘हाताने शिवलेली गोधडी, उमापूर, जि. बीड’ असे न चुकता लिहावे.

नंबर कोणाच्या नावावर?

ही बाब लहान दिसते, पण सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. घरातील एकमेव मोबाईल घरधन्याबरोबर कारखान्यावर जातो. इकडे गिऱ्हाईक फोन करते, उत्तर मिळत नाही आणि ते दुसरीकडे वळते. म्हणून व्यवसायासाठी गटाचा एक स्वतंत्र नंबर घ्यावा आणि गावात राहणाऱ्या सदस्येकडे तो ठेवावा. पैसे जमा होणारे बँक खातेही गटाचे किंवा शिवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावाचे असावे. कष्ट तिचे आणि खाते दुसऱ्याचे, असे झाले तर कमाई किती झाली हेच तिला कळत नाही.

या नंबरावर ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे ॲप घ्यावे. ते २०१८ पासून उपलब्ध असून लहान व्यावसायिकास विनामूल्य आहे. त्यात वस्तूंची छायाचित्रे, मापे व किंमत मांडून ठेवण्याची सोय आहे. तिला कॅटलॉग म्हणतात. आठवडी बाजारात आपण माल मांडून बसतो, तसाच हा प्रकार आहे.

छायाचित्र कसे काढावे?

१) सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा सावलीत, उजेडाकडे पाठ करून छायाचित्र काढावे. रात्री दिव्याखाली काढल्यास रंग बदलतात आणि गिऱ्हाईक तक्रार करते.

२) मागे स्वच्छ भिंत असावी. दोरीवर इतर कपडे नसावेत.

३) एक छायाचित्र पूर्ण गोधडीचे, एक टाक्यांचे जवळून आणि एक उलट्या बाजूचे असावे.

४) शक्य असल्यास शिवणाऱ्या हातांचे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करावे. हातशिलाई म्हणजे काय, ते यावरून पटते.

सोबत लांबी-रुंदी, वजन, कापड नवे की जुने आणि धुण्याची रीत खरी लिहावी. जुन्या साड्यांची असेल तर तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही, कारण जुने सुती कापड मऊ असते म्हणूनच बाळासाठी त्याला पसंती असते. कापड आधी स्वच्छ धुवावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग निघतो का, ते तपासावे.

किंमत कशी ठरवावी?

येथेच आपल्या भगिनी सर्वाधिक नुकसान सोसतात. बाळाच्या दुपट्याचा हिशोब करून पाहू. आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. दुपट्यास १८ तास लागले आणि तासाला ४० रुपये धरले तर मजुरी ७२० रुपये. कापड व दोरा १३० रुपये, वेष्टन ३० रुपये, टपालखर्च १०० रुपये. एकूण ९८० रुपये. हेच दुपटे ‘घरचेच काम आहे’ म्हणून टपालासह ४०० रुपयांना दिले, तर २६० रुपये खर्च वजा जाता हातात १४० रुपये उरतात. म्हणजे तासाला आठ रुपयेही पडत नाहीत. या दराने कोणी खुरपणीला बोलावले तर आपण जाऊ का?

किंमत सांगण्यापूर्वी वस्तू वेष्टनासह टपाल कार्यालयात वजन करून घ्यावी. मोठी वाकळ जड असते व टपालखर्च वाढतो. म्हणून सुरुवात दुपट्यापासून करावी. ते लवकर पूर्ण होते, वजनाला हलके असते आणि बारशाला भेट म्हणून त्याला मागणी असते.

ओळखीतून गिऱ्हाईक

पहिली गिऱ्हाइके ओळखीतूनच मिळतात. शहरात असलेली भाची, नणंद, गावातील नोकरदार यांना छायाचित्रे पाठवावीत व पुढे पाठविण्यास सांगावे. सर्व गिऱ्हाइकांना एकाच ग्रुपमध्ये घालू नये. तेथे प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो आणि रोजच्या संदेशांनी लोक कंटाळतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करावी. मात्र ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच हा संदेश पोहोचतो, म्हणून गिऱ्हाइकास तशी विनंती करावी. आठवड्यातून एक-दोन संदेश पुरेत.

फसवणुकीपासून सावधगिरी

१) पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका म्हणजे पैसे येतील, असे कोणी म्हटल्यास तो भामटा समजावा.

२) पैसे पाठविल्याचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहूनच माल पाठवावा.

३) ‘चुकून जास्त पैसे पाठवले, परत करा’ असा फोन आल्यास घाई करू नये. आधी खाते तपासावे.

४) फसवणूक झाल्यास लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

शब्द आणि वही

नव्या मागणीस अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी. दहा दिवस लागणार असतील तर पंधरा सांगावेत. पेरणी, वेचणी, सणवार या दिवसांत काम होणार नसेल तर आधीच कळवावे. प्रत्येक मागणीची तारीख, नाव, माप, आलेली रक्कम, खर्च आणि कोणी किती तास शिवले, हे वहीत लिहावे. गटात पैशांवरून वाद होतात ते बहुधा वही नसल्यामुळे.

भगिनींनो, मोबाईल घेतला की पैसा सुरू झाला, असे मी सांगणार नाही. पहिले काही महिने विचारणा फार आणि विक्री थोडी असेल. एवढ्यावर कोयता सुटेल, असे वचनही मी देत नाही. परंतु स्वतःच्या नावावर जमा झालेले चार पैसे असतील, तर मुकादमाकडून किती उचल घ्यायची आणि मुलीला शाळा सोडून बरोबर न्यायचे का, हे ठरविताना घरात आपल्या शब्दाला वजन येते.

तेव्हा येत्या आठवड्यात प्रत्येक गटाने एक दुपटे, तीन छायाचित्रे आणि एक वही एवढीच तयारी करावी. अडचण आल्यास खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा आपल्या भागातील ‘उमेद’च्या कार्यकर्तीशी संपर्क साधावा.