विहिरीच्या दोराचे गणित

श्रोतेहो, पाणी शेंदताना पोहरा तळाशी जड लागतो आणि काठाशी येता येता हलका होतो, हे आपण सगळेच जाणतो. पाणी तर तेवढेच असते. मग हलके झाले काय? दोर! तो जसजसा वर येतो, तसतसे लोंबणाऱ्या दोराचे वजन घटत जाते.

समजा, भरलेला पोहरा १० किलोचा, दोर मीटरला २०० ग्रॅमचा आणि पाणी १० मीटर खोल आहे. रहाटाचे घर्षण तूर्त सोडून देऊ. पहिली ओढ १२ किलोची, शेवटची १० किलोची. काम किती झाले? मुले चटकन १२ ला १० ने गुणून मोकळी होतात. ते चूक. ओढ सारख्या प्रमाणात उतरते, म्हणून मधली ११ किलो धरायची. काम ११० किलोग्रॅम-मीटर. ज्यूल हवे असतील तर ९.८ ने गुणा.

आता आपल्या जालना जिल्ह्यातला उन्हाळा घ्या. २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरींनी कसा तळ गाठला, ते पुष्कळांना आठवत असेल. पाणी २० मीटरवर गेले की दोरच ४ किलोचा. मधली ओढ १२, काम २४०. खोली दुप्पट झाली. शेंदणाऱ्या बाईचे कष्ट मात्र दुपटीहून अधिक वाढले.

आणि पोहरा गळका निघाला तर? भरलेला असताना तो जास्त गळतो, पुढे कमी. तिथे पहिल्या-शेवटच्या ओढीची सरासरी फसते. मीटरामीटराची ओढ वेगळी मोजायची अन् बेरीज करायची. तुकडे जितके बारीक, तितके उत्तर बिनचूक. कॉलेजात यालाच संकलन म्हणतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, फळ्याआधी मुलांना ताणकाटा घेऊन विहिरीवर न्या. दर मीटरला दोर थांबवून आकडा वाचू द्या. विहीर मात्र कठड्याची पाहा.