नाकाच्या शस्त्रक्रियेपूर्वींचा नकाशा



गालाच्या हाडांत, कपाळांत आणि दोन डोळ्यांच्या मधोमध हवेनें भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांस सायनस म्हणतात. त्यांचीं अरुंद दारें सुजून बंद झालीं म्हणजे आंत स्राव सांचतो, नाक चोंदतें, वासहि कळेनासा होतो. औषधांनीं व मिठाच्या पाण्यानें नाक धुण्यानें पुष्कळांस आराम पडतो. ज्यांस पडत नाहीं, त्यांच्या बाबतींत शस्त्रक्रियेचा विचार होतो.

परंतु या पोकळ्यांचा शेजार मोठा नाजूक आहे. बाजूस डोळा, वर मेंदू! डोळ्याकडील भिंत इतकी पातळ, कीं शरीरशास्त्रानें तिला कागदाचीच उपमा दिली. बोस्टनचे शल्यवैद्य हॅरिस मोशर यांनीं १९२९ सालीं ही शस्त्रक्रिया प्राणावर बेतूं शकते, असा स्पष्ट इशारा दिला होता. त्या काळीं हाताशीं साधें क्ष-किरणचित्र होतें. त्यांत पुढल्या व मागल्या हाडांच्या छाया एकमेकींवर पडत.

ही अडचण सी. टी. यंत्रानें दूर केली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या या यंत्रानें १९७१ सालीं लंडन येथें प्रथम एका रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें. भाकरीचे उभे-आडवे काप पाहावेत, तसे डोक्याचे बारीक छेद यांत न कापतां दिसतात. पुढें दुर्बिणीनें होणाऱ्या शस्त्रक्रियेस हेंच चित्र नकाशाप्रमाणें उपयोगीं पडूं लागलें.

या नकाशांत काय पाहावयाचें? पहिली गोष्ट, मेंदूखालील छताची उंची. केरोस यांनीं १९६२ सालीं, सी. टी. यंत्रापूर्वींच, गंधज्ञानाच्या खांचेचे खोलीवरून तीन वर्ग केले: १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिलिमीटर. खांच जितकी खोल, तितकी तिची अतिशय पातळ बाजू हत्याराच्या वाटेंत अधिक येते. एकाच माणसाच्या उजव्या व डाव्या बाजूंतहि फरक असूं शकतो. दुसरी गोष्ट, डोळ्याकडील कागदी भिंत अभंग आहे कीं पूर्वींच्या इजेनें फुटली आहे. तिसरी, मागील एखादी पोकळी दृष्टीच्या मज्जातंतूस लागून आहे काय. चौथी, छताजवळील धमनी हाडांत सुरक्षित आहे कीं मोकळी लोंबते. ती तुटून डोळ्याच्या खोबणींत आखडली, तर आंतील रक्तस्राव दृष्टीस घातक ठरतो.

तथापि, नकाशा म्हणजे निकाल नव्हे. कांहीं त्रास नसलेल्या माणसाच्या चित्रांतहि सूज दिसूं शकते. ताज्या सर्दींत तर ती दिसणारच. म्हणून औषधोपचार पुरेसा झाल्यावर घेतलेलें चित्रच अधिक विश्वसनीय. क्ष-किरण विनाकारण घेऊं नयेत, आणि गर्भवती स्त्रियांनीं आपली अवस्था आधीं अवश्य सांगावी.

शस्त्रक्रिया ठरली, तर रोग्यानें वा त्याच्या आप्तांनीं एवढें नम्रपणें विचारावें: "डॉक्टरसाहेब, आमच्या चित्रांत धोक्याच्या जागा कोणत्या?" नुसतें चित्र काढल्यानें सुरक्षितता येत नाहीं, तें हत्यार उचलण्यापूर्वीं लक्षपूर्वक वाचल्यानें येते.