अर्धांगवायूनंतर गाडी हांकणें

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या वृद्ध व आजारी बांधवांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



अर्धांगवायूविषयीं चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्ही वैद्य नव्हों. त्या रोगाच्या तडाख्यांतून वांचलेले एक गृहस्थ आहों. म्हणून ज्या एका प्रश्नानें आमचे कित्येक महिने ग्रासले, त्याविषयींच बोलतों. अर्धांगवायूंतून उठलेल्या मनुष्यानें पुन्हा गाडी हांकावी काय, आणि हांकावी तर केव्हां?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. जो तीस वर्षें स्वतःची गाडी हांकीत आला, त्यास किल्ली म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा नसतो. पत्नीस बाजारांत नेणें, नातवास शाळेंत पोहोंचविणें, अपरात्रीं शेजाऱ्यास इस्पितळांत नेणें, हें सारें त्या किल्लीनें होत असे. ती गेली कीं आपण घरावर ओझें झालों, असें वाटूं लागतें.

एके सकाळीं चहा घेतांना आमच्या डाव्या हातांतील कप गळून पडला व तोंड वांकडें झालें. मुलानें क्षणाचाही विलंब न लावतां आम्हांस इस्पितळांत नेलें. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, हें सर्वांनीं गांठीस बांधून ठेवावें.

तीन महिन्यांनीं आम्ही काठीवांचून चालूं लागलों आणि आपण पूर्ण बरे झालों, असा आमचा समज झाला. पत्नीकडे किल्ली मागितली. "अहो, डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून किल्ली मिळायची नाहीं," असें तिनें निक्षून सांगितलें. आम्हांस राग आला. एके दुपारीं ती वाडींत गेली असतां किल्ली शोधून आम्हीं गाडी बाहेर काढली.

शंभर पावलेंही गेलों नसूं, तोंच डावीकडे खडखडाट झाला. शेजारच्या मुलानें कुंपणास टेकविलेली सायकल चाकाखालीं आली होती. मुलगा तेथून दोन हातांवर उभा होता. डोळे उघडे असून आम्हांस सायकल दिसली नव्हती, आणि मुलगाही दिसला नव्हता. गाडी तेथेंच सोडून आम्ही पायीं घरीं आलों. पत्नी परतल्यावर सर्व हकीकत सांगून किल्ली तिच्या हातीं दिली.

पुढें डॉक्टरांनीं उलगडा केला. मेंदूच्या उजव्या भागास इजा झाली म्हणजे पुष्कळदां डाव्या बाजूकडे मनाचें लक्षच जात नाहीं. डोळा पाहतो, पण मन नोंद घेत नाहीं. असा रोगी ताटांतील डावीकडचा भात तसाच ठेवून उठतो व त्यास तें कळतही नाहीं. आमच्या घरीं असें घडत होतें. मंडळींस वाटे, भूक मंदावली! कित्येकांच्या तर दृष्टीचा अर्धा भागच नाहींसा होतो. आपल्या देशांत वाहनें रस्त्याच्या डाव्या अंगानें जातात. म्हणजे पायीं चालणारा, सायकलस्वार, टोपली घेऊन निघालेली बाई, हीं सारीं बहुधा आपल्या डाव्या हातास असतात. आमची जी बाजू हरवली होती, तीच रस्त्यावरील दुर्बळांची बाजू होती.

तेव्हां हातापायांचें बळ परत येणें हा या परीक्षेचा एकच भाग होय. दृष्टि किती रुंद आहे, लक्ष टिकतें काय, संकट दिसतांच पाय ब्रेकवर वेळेवर पडतो काय, फेफऱ्याचें भय आहे काय, हें सर्व तपासावें लागतें. ब्रिटनमध्यें अर्धांगवायूनंतर निदान एक महिना मोटार हांकण्यास मनाई आहे. बस व लॉरी हांकणारांस ती एक वर्षाची आहे. महिना लोटल्यावरही दोष उरला असेल, तर बहुधा परवाना देणाऱ्या खात्यास कळवावें लागतें. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 186 व्या कलमान्वयें, लोकांस धोका होईल अशा शारीरिक वा मानसिक अवस्थेंत गाडी हांकणें हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनें त्याचा दंड पहिल्या वेळीं 1000 रुपयांपर्यंत व पुढें 2000 रुपयांपर्यंत वाढविण्यांत आला.

परंतु दंडाहून मोठी गोष्ट निराळीच आहे. परवान्यासाठीं जो नमुना क्रमांक 1 भरावयाचा असतो, त्यांत विचारलेलें असतें, कीं तुम्हांस फेफरें, अकस्मात् शुद्ध हरपणें किंवा घेरी यांचा विकार आहे काय? हातापायांच्या हालचालींत वा बळांत कांहीं दोष आहे काय? उत्तर आपणच द्यावयाचें व सहीही आपणच करावयाची. आम्हीं तें उत्तर निरोगीपणीं दिलें होतें. शरीर बदललें तेव्हां उत्तरही बदललें. कागद कपाटांत जसाचा तसा राहिला, एवढ्यानें तें खरें राहिलें नाहीं. तेथें पोलीस उभा नसतो. सदसद्विवेकबुद्धि तेवढी उभी असते.

आम्ही अखेर गाडी हांकूं लागलों, तें दहाव्या महिन्यांत. आधीं मान वळवून डावी बाजू शोधण्याचा सराव केला. वाचतांना पानाच्या डाव्या कडेस लाल पट्टी लावीत असूं व ती दिसल्यावांचून ओळ आरंभीत नसूं. मग नेत्रवैद्य व मेंदूचे डॉक्टर यांनीं तपासून अनुमति दिली. प्रथम मोकळ्या मैदानांत, नंतर ज्या गाडींत शिक्षकाच्या पायाखालींही ब्रेक असतो अशा गाडींत, आम्हीं नवशिक्याप्रमाणें धडे घेतले. आजही रात्रीं, मुसळधार पावसांत किंवा थकलों असतां आम्ही गाडी हांकीत नाहीं.

ज्यांस डॉक्टर "नाहीं" म्हणतील, त्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं किल्ली स्वतःच्या हातानें खालीं ठेवण्यांत कमीपणा नाहीं. आणि तरुणांनो, तुमच्या गाडींत एखादी जागा रिकामी असेल, तर अशा मनुष्याच्या दारीं थांबा. त्यास बोलाविण्याची वाट पाहूं नका. मागणें त्यास फार जड जातें, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

तो मुलगा आतां मोठ्या शाळेंत जातो. त्यास नवी सायकल आम्हीं घेऊन दिली. तो रोज आमच्या डाव्या बाजूनें जातो, आणि आम्ही रोज मान वळवून त्यास पाहतों.