झाडपाल्याचा अर्क आणि मूत्रपिंडाचे रक्षण



आपल्या घरांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते : "झाडपाल्याचे औषध आहे, त्याने अपाय काय होणार?" शास्त्र या वाक्याची परीक्षा कशी घेते, तेवढेच आज सांगणार आहे.

जेंटामायसिन हे जंतुनाशक औषध गंभीर संसर्गात प्राण वाचवते. परंतु ते मूत्रपिंडातील, म्हणजे गुर्द्यातील, सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठून त्यांना इजा करू शकते. कर्करोगावरील सिस्प्लॅटिनचेही तसेच. पुनर्नवा, गोखरू यांसारख्या वनस्पतींचा अर्क ही इजा टाळील काय, असा प्रश्न संशोधकांनी हाती घेतला.

त्यासाठी उंदरांचे गट पाडतात. पहिल्या गटाला औषध नाही, अर्कही नाही. दुसऱ्याला केवळ जेंटामायसिन, तिसऱ्याला केवळ अर्क आणि पुढील गटांना जेंटामायसिनबरोबर कमी-अधिक मात्रेत अर्क. ठरलेल्या दिवसांनंतर रक्तातील युरिया व क्रिएटिनिन मोजतात, मूत्रपिंडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसऱ्या गटाचे आकडे वाढले आणि अर्क मिळालेल्या गटांत ते कमी राहिले, तर अर्काने रक्षण केले असे मानण्यास आधार मिळतो. शिवाय अर्काने मूळ औषधाचा गुण मारता कामा नये. मूत्रपिंड वाचले आणि कर्करोगाची गाठही वाचली, तर रोग्याने काय मिळवले?

तिसरा गट कशासाठी? अर्क स्वतःच अपायकारक नाही ना, हे कळावे म्हणून. ही शंका पोकळ नाही. बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती आली होती. तिच्यातील आम्लाने घात केला.

म्हणून पालकांनो, उंदरांवरील यश म्हणजे माणसाचे औषध नव्हे. डॉक्टरांचे औषध मनाने बंद करून काढा सुरू करू नका. काढा घेत असाल तर त्यांच्यापासून लपवू नका. विद्यार्थी मित्रांनो, हकीम-वैद्यांचे ज्ञान टाकाऊ नाही. पण ते मोजून, तपासून घेणारी माणसे हवीत. आपल्या मुला-मुलींतून अशी माणसे निघोत.