युक्रेनचे तातार आणि आपल्या पेटीतले कागद



शिक्षणाचे महत्त्व या व्यासपीठावरून दर वर्षी सांगितले जाते. ते आपणांस पटलेले आहे. म्हणूनच आपण वर्गणी जमवून शाळा चालवितो. आज मी दूरच्या एका देशाची हकीकत सांगणार आहे आणि शेवटी घरातल्या एका पेटीपाशी येणार आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्याही काही घरांत रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. डॉक्टरकी शिकावयास गेलेली मुले तिथे अडकली होती. ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी आले. मुले सुखरूप परतली आणि आपण तो देश विसरलो. परंतु त्या देशात क्रिमियन तातार नावाचा एक अल्पसंख्य मुसलमान समाज आहे. त्यांची भाषा तुर्की कुळातली. २००१ च्या जनगणनेत त्यांची संख्या अडीच लाखांच्या घरात होती.

या समाजात इस्माईल गस्प्रिन्स्की नावाचे मोठे शिक्षक होऊन गेले. बख्चिसराय येथे १८८३ साली त्यांनी ‘तर्जुमान’ हे वर्तमानपत्र काढले आणि पुढच्या वर्षी नव्या पद्धतीची शाळा सुरू केली. मुलाने नुसते घोकू नये, अक्षराचा उच्चार ओळखून स्वतः वाचावे, आणि धर्मशिक्षणाबरोबर गणित-भूगोलही शिकावा, अशी ती पद्धत. १९१२ साली हे गृहस्थ आपल्या मुंबईलाही येऊन गेले.

त्यांच्या पश्चात काय झाले पाहा. १९२८ च्या सुमारास या भाषेची अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. दहा वर्षांत तीही गेली आणि रशियन लिपी आली. आजोबांचे पुस्तक नातवाला परके झाले. मग १८ मे १९४४ चा दिवस उजाडला. महायुद्धात शत्रूला सामील झाल्याचा आरोप स्टालिनच्या सरकारने साऱ्या समाजावर ठेवला. दोन-तीन दिवसांत सुमारे १,९०,००० माणसे, बायका-मुलांसह, मालगाड्यांत कोंबून उझबेकिस्तानकडे व अन्यत्र पाठविली. हजारो लोक भूक आणि रोगराईने मेले. मागे गावांची नावे बदलली. पुढे कित्येक जनगणनांत त्यांची वेगळी नोंदच झाली नाही. माणसे हयात होती, पण कागदावर समाज उरला नव्हता. परतण्याची वाट मोकळी होण्यास १९८० नंतरचे दशक संपत आले.

मग त्यांचा इतिहास राखला कुणी? आहातान्हेल क्रिम्स्की नावाचे एक पंडित होते. वाढले ख्रिस्ती घरात. पित्याकडचे पूर्वज मात्र क्रिमियाचे तातार. अरबी, फारसी, तुर्की यांचे ते गाढे अभ्यासक. १९१८ साली कीव्हमध्ये विज्ञान अकादमी स्थापन झाली, तिचे ते चिटणीस झाले. क्रिमियाविषयीच्या अभ्यासलेखांचा संग्रह त्यांनी १९३० साली संपादित केला. १९४१ मध्ये युद्ध पेटताच सत्तरीच्या या वृद्धाला अटक झाली आणि १९४२ साली कझाकस्तानच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले.

त्यांचे शिष्य ओमेल्यान प्रित्साक महायुद्धानंतर परदेशी राहिले आणि पुढे अमेरिकेत गेले. ते तुर्की भाषांचे पंडित, तरी १९७३ साली हार्वर्ड विद्यापीठात युक्रेनच्या अभ्यासाची संस्था त्यांनीच उभारली. १९९१ साली युक्रेन स्वतंत्र होताच त्यांनी कीव्हमध्ये पौर्वात्य विद्येची संस्था काढली. तिला आपल्या गुरूंचे, क्रिम्स्कींचे, नाव आहे.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि पुन्हा कित्येक तातार कुटुंबांना घरे सोडावी लागली. २०२२ च्या युद्धात तर ग्रंथालये व संग्रहालये धोक्यात आली. तेव्हा देशोदेशीच्या १,३०० हून अधिक ग्रंथपाल, अध्यापक व विद्यार्थी यांनी घरबसल्या युक्रेनच्या संस्थांच्या संगणकीय नोंदींच्या प्रती करून सुरक्षित ठेवल्या. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी हे काम केले.

आता पेटीकडे येतो. माझ्या आजोबांची एक पत्र्याची पेटी घरी आहे. गेल्या साली माझा भाचा त्यातले कागद चाळत होता. मराठी-इंग्रजी शिकलेला हुशार मुलगा. तो म्हणाला, “मामू, हे वाचता येत नाही. फेकून द्यायचे का?” मला उर्दू येते, फारसी अडखळत येते, मोडी मुळीच नाही. एका कागदावर फारसी मोहर होती व खाली मोडी मजकूर. मोहर मी लावली. मजकूर गावातल्या एका निवृत्त पटवाऱ्यांनी चष्मा पुसून पुसून लावला. निघाले काय? विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. एक पाळी आमच्या घराची, एक शेजारच्या कुणब्यांची. त्या कागदाला दोन वाचणारे लागले, कारण विहीरच दोघांची होती.

वऱ्हाडचा इतिहास असाच आहे. अचलपूरची इमादशाही, मोगलांचा सुभा, निजामाचा अंमल, १८५३ नंतर इंग्रज. यादव माधव काळे यांनी मराठीत ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ साली लिहिला. परंतु अचलपूर-बाळापूरच्या जुन्या घरांतले फारसी, उर्दू व मोडी कागद एकत्र वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तातारांची लिपी सरकारने बदलली. आपली आपल्याच आळसाने जात आहे.

म्हणून तीन विनंत्या. जुने कागद असतील त्या घरांची संस्थेने एक वही करावी. फोनवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत, मूळ कागद घरीच राहू द्यावेत. आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांबरोबर सुट्टीत मोडी व फारसीचा एकत्र वर्ग चालवावा. आपली मुले मोडी शिकतील, शेजारची मुले फारसी.

भाच्याला मी सांगितले, “बाळा, फेकू नकोस. आधी शिक.” आपणही आज घरी जाऊन आपापली पेटी उघडा.