'आपली' टाटा आणि 'त्यांची' भट्टी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



मी इथल्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांना जागतिकीकरण शिकवते. "म्हणजे नक्की काय शिकवता हो?" असं आपल्या कार्यक्रमांत बरेचदा विचारलं जातं. आज तेच सांगते.

व्याख्या पाठ करून हा विषय कळत नाही, म्हणून मी सुरुवात कापसापासून करते. लँकेशरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतून यायचा. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला, गिरण्या बंद पडल्या आणि इथल्या कामगारांवर उपासमारीची पाळी आली. त्याच वेळी मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरबाजाराला तर वेडच लागलं! १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले भलेभले बुडाले. ज्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत.

इथपर्यंत मुलं मजेत ऐकतात. जुनी गोष्ट असते ना! खरा वर्ग सुरू होतो तो पोर्ट टॅलबटपासून.

२००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस विकत घेतली आणि वेल्समधला हा कारखाना टाटांकडे आला. तेव्हा आपल्यापैकी किती जणांची कॉलर ताठ झाली होती, आठवतंय? पुढे जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २८०० पर्यंत नोकऱ्या जातील. ३० सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची झोतभट्टी विझली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी येणार आहे. खर्च सव्वा अब्ज पौंड, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. कार्बन कमी होईल, पण माणसंही कमी लागतील.

वर्गात एका वेल्श मुलाने सरळच विचारलं, "आमच्या गावाचा निर्णय मुंबईत का झाला?" वर्गातली आपली मुलं खाली बघायला लागली.

मी त्यांना गिरणगावाबद्दल सांगितलं. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कित्येकांना पुन्हा काम मिळालंच नाही. त्याला एकटं जागतिकीकरण कारण नव्हतं: जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, पुढे जमिनीचे भाव, बरंच काही होतं. पोर्ट टॅलबटलाही तोटा, महाग वीज, स्वस्त आयात, हवामानाचा प्रश्न असं सगळं आहे. हे धागे सुटे करून बघणं, म्हणजेच हा विषय शिकणं. मग प्रत्येक धाग्यापाशी विचारायचं: फायदा कुणाचा, किंमत कुणी मोजली, आणि निर्णय घेताना त्याला कुणी विचारलं होतं का?

लालबागचा कामगार आणि पोर्ट टॅलबटचा कामगार एकमेकांना ओळखत नाहीत. पण आपली मुलं दोघांनाही ओळखू शकतात. एकाची भाषा त्यांच्या घरात आहे, दुसऱ्याची मुलं त्यांच्या वर्गात.

म्हणून पालकांना एकच विनंती. टाटांनी कंपनी घेतली की 'आपली', आणि भट्टी विझली की 'त्यांची', असा हिशेब घरात नको. अभिमान जरूर बाळगा, पण मग त्या वेल्श मुलाच्या प्रश्नाला खाली न बघता उत्तर द्यायची तयारीही मुलांकडून करून घ्या. ते काम एकट्या युनिव्हर्सिटीचं नाही.