सोन्याचे मूळ आणि अणुकेंद्राचे वजन



सोनार कसोटीवर घासून सोन्याचा कस पाहतो; परंतु ते सोने विश्वात कोठे निर्माण झाले, हे जाणण्यासाठी शास्त्रज्ञांना अणुकेंद्राचे वजन करावे लागते.

केंब्रिज येथे फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली सिद्ध केलेल्या उपकरणाने अणूंची वस्तुमाने काटेकोरपणे मोजता येऊ लागली. हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हीलियमचा एक अणू किंचित हलका भरतो, असे आढळले. ही तूट म्हणजे ऊर्जारूपाने बाहेर पडलेले वस्तुमान होय. लोहाच्या आसपास अणुकेंद्राची बांधणी सर्वांत भक्कम असते; म्हणून ताऱ्यांच्या भट्टीत संमीलनाची मजल बहुधा तेथेच संपते.

त्यापलीकडील बहुतेक मूलद्रव्ये न्यूट्रॉन ग्रहण करून घडतात, हे १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर व हॉइल यांनी विशद केले. सोने घडताना हा मारा इतका जलद असतो, की वाटेत क्षणजीवी अणुकेंद्रे निर्माण होतात. त्यांच्या वस्तुमानांवरूनच ती वाट आखता येते. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत अशी अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात कोंडून त्यांच्या फेऱ्या मोजतात. जड केंद्र सावकाश फिरते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. मागाहून दिसलेल्या प्रकाशात जड मूलद्रव्यांच्या खुणा आढळल्या. तेथे सोने किती घडले, हा हिशेब मात्र या सूक्ष्म वजनांवाचून पुरा होत नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ मंजूर झालेली लायगो-इंडिया वेधशाळा अशा टकरी टिपू लागेल, तेव्हा त्या हिशेबास महाराष्ट्रभूमीचाही हातभार लागेल.